पाठमोरी बाकडी

आमच्या पोहण्याच्या टँकवर पालकांची बाकडी उलटी होती. पाण्याकडे पाठ, भिंतीकडे तोंड. नवे पालक आले की त्यांना वाटायचं, रंगकाम चाललं असेल, कुणीतरी हलवून तशीच ठेवली असतील. ते बिचारे बाकडं सरळ करायला वाकायचे आणि मागून आवाज यायचा, "अहो, राहू द्या. बाकडी बरोबर आहेत. आपण वळा."

हा आवाज बाईंचा. बाई आम्हाला शर्यतीचं पोहणं शिकवायच्या. 'कोच' म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "कोच दिवाणखान्यात असतो, त्यावर बसतात," म्हणायच्या. लहानखुरी चण, पदर खोचलेली सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि हातात बारा महिने छत्री. ती छत्री उघडलेली मी कधी बघितली नाही. भर पावसात बाई भिजत उभ्या राहायच्या आणि मिटलेल्या छत्रीचं टोक पाण्याकडे करून सांगायच्या, कोपर वर, मान खाली, घाई कसली आहे एवढी!

पालक भिंतीकडे तोंड करून बसले की बाईंची कापडी पिशवी उघडायची. मंडईतून येताना त्या मेथीच्या जुड्या आणायच्या, कधी मटार, कधी घेवडा. प्रत्येकाच्या मांडीवर एक वर्तमानपत्र आणि त्यावर एक जुडी. पोरं पाण्यात, आईबाप भाजीत. निवडलेली भाजी ज्याची त्यानं घरी न्यायची. "हात रिकामे राहिले की तोंड चालतं," बाई सांगायच्या, "आणि आईबापांचं तोंड चाललं की मुलांचे पाय अडखळतात."

तुम्हाला वाटेल, पुण्यात असलं कोण ऐकून घेईल? सगळे घ्यायचे. एक आयटीतले गृहस्थ कानात ते इअरफोनचं बोंडुक घालून मटार सोलता सोलता कंपनीची मीटिंग करत होते. बाई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, जरा हळू. मटारांना तुमचा प्रोजेक्ट कळायला लागलाय." पुन्हा ते गृहस्थ मीटिंग घेऊन आले नाहीत. दुसऱ्या एक काकू होत्या, त्यांना पाठमोरं बसूनही राहवायचं नाही. भिंतीकडे बघत ओरडायच्या, "किक मार, किक!" एकदा बाईंनी त्यांच्या हातात शिट्टी दिली. "या, आपण शिकवा. मी मेथी निवडते." आणि खरंच त्यांच्या जागेवर बसून निवडायला लागल्या. आम्ही सगळी पोरं पाण्यात काठ धरून काकूंकडे बघतोय. काकूंनी शिट्टी तोंडाला लावली, काढली, इकडे तिकडे बघितलं आणि मुकाट्यानं परत जागेवर जाऊन बसल्या. बाईंनी त्यांना निम्मी जुडी निवडून दिली होती.

आणि गंमत म्हणजे ही सगळी तिखट जीभ मोठ्यांसाठी. आम्हाला त्या अहो-जाहो करायच्या. नाक गळणाऱ्या, दात पडलेल्या पोरालासुद्धा. "अहो, आज आपला डावा हात घरी राहिला का?" आम्ही खिदळायचो. एकदा मी विचारलं, तुम्ही आम्हाला अहो का म्हणता? तर म्हणाल्या, "पाण्यात एकटं उतरायचं असतं. जो एकटा उतरतो त्याला मान द्यावा." त्या वेळी मला त्यातलं काही कळलं नाही. पण घरी जाऊन मी आईला सांगितलं की आजपासून मला अहो म्हण, आणि आईनं लाटणं दाखवलं.

असं का वागतात बाई, यावर बाकड्यांवर बऱ्याच कथा होत्या. कुणी म्हणायचं, त्या स्वतः मोठ्या शर्यतीत हरल्या होत्या. कुणी म्हणायचं, त्यांचे वडील फार कडक होते. मी धीर करून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "छे हो. मला मेथी आवडते." झालं, संपला विषय.

बाईंचे ठरलेले दोन प्रश्न होते. शर्यतीच्या आधी, आम्ही टोपी ओढून, चष्मा चढवून उडी मारायच्या चौथऱ्याकडे निघालो की बाई वाट अडवून विचारायच्या, "आज घरी जेवायला काय?" आठवून सांगावंच लागायचं. सांगितलं की मान डोलवायच्या. "जिंकलात तरी पिठलं आणि हरलात तरी पिठलं. जा." आणि शर्यत संपवून वर आलो की टॉवेल देताना दुसरा प्रश्न, "पाणी कसं होतं?" वेळ किती लागला, कितवा नंबर, पुढे कोण होतं, यातलं एक अक्षर नाही. पाणी कसं होतं? मग आठवायला लागायचं की गार होतं, वळताना जरा ढकलत होतं, मध्येच एकदा मऊ लागलं. सांगता सांगता श्वास जागेवर यायचा.

आता बाई टँकवर येत नाहीत. गुडघे गेलेत. कर्वे रोडच्या मागच्या बाजूला त्यांचं घर आहे, तिथे मी अधूनमधून जाते. मी खराडीला नोकरी करते, आणि ऑफिसात माझ्या वर्षभराच्या कामाचा हिशेब मांडायला साहेबांनी बोलावलं की त्या रविवारी हमखास जाते. मी रडगाणं सुरू करायच्या आत बाई विचारतात, "पाणी कसं होतं?" मी सांगते, गढूळ होतं बाई. त्या मान डोलवतात आणि चहा टाकतात. मला त्या फार आवडतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं तर म्हणतील, "बरं. साखर किती घालू?" म्हणून इथे लिहून टाकते.

हल्ली टँकवर गेलं की माझं डोकं फिरतं. काठावर ओळीनं मोबाइल. प्रत्येक पोराचा प्रत्येक हात चित्रित होतोय आणि पोरगं वर यायच्या आत बापानं तो दोनदा बघून ठेवलाय. मी मनातल्या मनात सगळ्यांच्या हातात एकेक मेथीची जुडी देते. पण मी कुणाला नावं ठेवू! माझे पप्पा या सगळ्यांचे गुरू शोभले असते.

पप्पा धायरीचे. म्हणजे धायरी गाव होतं तेव्हापासूनचे. शेतं गेली, इमारती आल्या, रस्त्याला लागून आमचं नळ आणि पाइपांचं दुकान झालं. आमच्या विहिरीवर आता एका सोसायटीचं पार्किंग आहे. त्या विहिरीत पप्पा पोहायला शिकले, कालव्यात उड्या मारून मोठे झाले, आणि मी पोहते आहे असं कळल्यावर त्यांचं जे काही विहिरीत बुजवलं गेलं होतं ते सगळं वर आलं. "खडकवासल्याचं पानी पिऊन वाढलीय ती," दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे. "म्हागं पडायची न्हाई."

गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच. माझ्याच नाही, माझ्या वयाच्या सगळ्या पोरींच्या शर्यतींच्या वेळा त्यांना तोंडपाठ. आणि शर्यत झाली की गाडीत बसायचं. सिंहगड रोडला गाडी अडकली की पप्पा सुरू व्हायचे. "सुरवात बेस केलीस. मग वळताना काय झालं? ती लाल टोपीवाली कशी पुढं गेली?" रागावून नाही हो, अगदी मायेनं. मायेनंच ते एकेक हात सोलून काढायचे. त्या गाडीत माझी प्रत्येक शर्यत दुसऱ्यांदा व्हायची, आणि दुसऱ्यांदा मी हमखास हरायचे. जिंकले असले तरी हरायचे.

आठवीत गेल्यावर मला शर्यतीच्या दिवशी सकाळी उलट्या व्हायला लागल्या. मग आदल्या दिवशीही व्हायला लागल्या. आई म्हणायची, पित्त आहे. पप्पा आवळ्याचं सरबत आणायचे. एके दिवशी सराव झाल्यावर पाय धुवायच्या नळाशी मी बाईंना म्हटलं, "बाई, मला आता नको."

"पोहणं नको की शर्यत नको?"

मी दुसरा पाय नळाखाली धरला. मग म्हटलं, "गाडी नको."

बाईंनी नळ बंद केला. "वडिलांना सांगितलंत?"

"त्यांना सांगितलं तर ते मरतील."

"एवढ्यात कुणी मरत नाही." मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आला. "जिल्ह्याच्या शर्यतीपर्यंत थांबा. तोवर काही बदललं नाही, तर मी स्वतः त्यांना सांगेन, मुलीला सोडा म्हणून. पण मग पाणीही सुटेल. चालेल तुम्हाला?"

चालणार नव्हतं. तीच तर पंचाईत होती. मला पाणी इतकं आवडायचं की रविवारी टँक बंद असला तर मी न्हाणीघरात बादलीत तोंड घालून बसायचे. आणि तेच पाणी मला आता घशाशी यायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका टँकचे सर आमचा सराव बघायला आले. मला बघून म्हणाले, "वा! दोन्ही बाजूंनी श्वास घेते. ही सवय लावलीत कधी?" आमच्याकडची पोरं ठरलेल्या एकाच बाजूला मान वळवून श्वास घ्यायची. मी जाताना डावीकडे वळवायचे आणि येताना उजवीकडे. मला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

बाई छत्रीवर रेलून बघत राहिल्या. मी गेले, आले. परत गेले, परत आले. मग त्या म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी नाही हो. एकाच बाजूनं. बापाच्या."

पालकांची बाकडी टँकच्या एकाच अंगाला होती. जाताना ती माझ्या डावीकडे यायची, येताना उजवीकडे. पप्पांची पाठ होती माझ्याकडे, पण पाठ काही गप्प बसत नाही. मी मागे पडले की त्यांचे खांदे कानापर्यंत चढायचे. पुढे गेले की उतरायचे. दर श्वासाला मी ते बघत होते.

पण पाठमोऱ्या माणसाला कसं कळतं पोरगी मागे पडली ते? बाई वळसा घालून बाकड्यांकडे गेल्या आणि पप्पांच्या मागे उभ्या राहिल्या. समोर भिंतीवर बक्षिसांच्या ढाली ठेवायचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत अख्खा टँक दिसत होता. इतकी वर्षं बाकीचे पालक भिंत बघत बसले, आणि आमचे पप्पा पहिल्या दिवसापासून नेमके त्या कपाटासमोरची जागा धरून बसले होते. मांडीवर मेथी. मेथीच्या पानांत स्टॉपवॉच.

मला वाटलं, आता बाई सालटी काढणार. त्यांनी नुसतं विचारलं, "आपल्याला पोहता येतं ना?"

पप्पा दचकले, पण लगेच सावरले. "म्हंजे काय! आवो बाई, काठावरनं हिरीत मुटका मारायचो आमी."

"मग उद्या पोहायचे कपडे घेऊन या."

दुसऱ्या दिवशी पप्पा आले ते अगदी ऐटीत. नवी चड्डी, मोठं पोट आणि डोक्यावर बाईंनी नियमावर बोट ठेवून चढवायला लावलेली रबराची टोपी. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी सगळ्या मुलांना पाण्याबाहेर बसवलं आणि बाकड्यांकडे वळून म्हणाल्या, "आज आपण सगळ्यांनी वळून बसायचं. पाण्याकडे. भाजी राहू दे." पालकांचा विश्वास बसेना. मग एकेक करून सगळे वळले. पप्पांच्या गळ्यातलं स्टॉपवॉच बाईंनी काढून माझ्या हातात दिलं. "अहो, वेळ तुम्ही घ्या."

पप्पांनी उडी मारली. निम्मं पाणी काठावर आलं. सुरुवातीला झकास निघाले, डोकं वर, हात दणादणा, विहिरीत पोहतात तसं. मग मध्यावर त्या किकवाल्या काकू, अगदी चांगल्या मनानं हं, ओरडल्या, "काका, हात लांब टाका!" पप्पांनी मान वळवली. ओळीनं बसलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितलं. आणि कालव्याच्या धारेत पोहलेला तो माणूस दोन हात चुकला, पाणी प्यायला आणि मधल्या दोरीला धरून लटकला.

कुणी हसलं नाही. बाई काठावर उकिडव्या बसल्या, गुडघे तेव्हाच दुखत होते त्यांचे, आणि त्यांनी विचारलं, "पाणी कसं आहे?"

पप्पा धापा टाकत होते. "लई जड हाय, बाई."

"विहिरीत असं होतं?"

पप्पांनी मान हलवली. म्हणाले, "न्हाई. तिथं कोन बघत व्हतं?"

असं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. पप्पांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तोंडावर टँकचंच पाणी होतं असं मी धरून चालते. मी त्यांना घड्याळ दाखवलं. मी बटण दाबलंच नव्हतं.

त्या दिवशी गाडीत ते गप्प होते. राजाराम पुलापाशी तोंड उघडलं, परत मिटलं. धायरी फाट्यावर एवढंच म्हणाले, "भूक लागली का?"

मग जिल्ह्याची शर्यत आली. मोठा टँक, पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी, ती खच्चून भरलेली, पिपाण्या, नावांचे फलक, आरडाओरडा. सकाळी उलटी झालीच होती. त्या एका दिवसानं का पोट शहाणं होतं? मी टोपी ओढली, चौथऱ्याकडे निघाले. बाई आडव्या आल्या.

"आज घरी जेवायला काय?"

मी गॅलरीकडे बघितलं. सगळी माणसं पाण्याकडे तोंड करून बसलेली आणि बरोबर मध्यभागी एक पांढऱ्या शर्टातली रुंद पाठ. पप्पा पायरीवर उलटे बसले होते. मांडीवरच्या वर्तमानपत्राची कड आणि मेथीची जुडी बाजूनं दिसत होती. वरच्या पायरीवरचे लोक वैतागले होते, त्यांच्या तोंडासमोर पप्पांचं तोंड येत होतं ना! कुणीतरी म्हणालं, "अहो काका, शर्यत तिकडे आहे." पप्पांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. "मला भाजी निवडायची हाय."

मी बाईंना म्हटलं, "मेथी. पप्पा निवडतायत."

"जा," बाई म्हणाल्या.

पहिल्या श्वासाला मी बघितलंच. सवय कुठे जाते? पाठ तिथेच होती. खांदे कानाच्याही वर गेले होते. दुसऱ्या श्वासाला बघितलं, तसेच. आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं की यांना काहीच दिसत नाहीये. मी पुढे आहे की मागे, यांना माहीतच नाही. हे माझ्यामुळे चढलेले खांदे नाहीत, हे त्यांचे स्वतःचे आहेत! मला हसू आलं. पाण्यात हसलं की नाकात पाणी जातं, ते गेलं. मग मी वळले, आणि येताना मान कुठे वळवत होते ते मला आठवत नाही. पाणी आठवतं. हिरवं होतं, गार होतं, आणि मला धरून नेत होतं.

कितवी आले म्हणता? सगळे हेच विचारतात. मी सांगणार नाही.

वर आले तर टॉवेल घेऊन बाई. "पाणी कसं होतं?"

"हलकं," म्हटलं, आणि मी रडायला लागले. बाईंनी छत्री काखेत धरली आणि माझे केस पुसले. हे त्यांनी कधी केलं नव्हतं. मी हुंदके देत विचारलं, "बाई, तुम्ही बघितलीत माझी शर्यत?"

"नाही हो. मी तुमच्या वडिलांकडे बघत होते." गॅलरीकडे बघत त्या म्हणाल्या, "एकदाही वळले नाहीत."

गाडीत पप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. सिंहगड रोडला नेहमीच्या जागी गाडी अडकली. त्यांनी घसा साफ केला. मी डोळे मिटून घेतले. मग शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं ते म्हणाले, "पानी कसं व्हतं?"

मी त्यांना सांगितलं. धायरीपर्यंत सांगत होते. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत, फक्त "हां" म्हणत होते.

घरी आल्यावर आईनं भाजीची पिशवी ओट्यावर उपडी केली आणि बघतच राहिली. "अहो, हे काय आणलंय?" पिशवीत नुसत्या काड्या होत्या. स्वच्छ, एकसारख्या खुडलेल्या, जाडजूड काड्या. एक पान औषधाला नाही. पानं सगळी वर्तमानपत्रात गुंडाळून पप्पांनी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. त्यांनी काड्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या, आणि हात धुवायला गेले. आईनं पिठलं टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून टँकवर गेले. कुणी चल म्हटलं नव्हतं. बाई बाकडी पुसत होत्या. मी त्यांना काड्यांची गोष्ट सांगितली, हसत हसत, पप्पांची नक्कल करून. बाई हसल्या नाहीत. फडकं पिळलं, बाकड्यावर वाळत घातलं.

"असू द्या," म्हणाल्या. "पहिलीच शर्यत होती त्यांची."